हॉटेल स्वस्त बघू नका, लाईनवर बघा



मुंबईच्या खरेदीवर व्हिडिओ केला की सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मालाबद्दल नसतो आणि मार्जिनबद्दलही नसतो. प्रश्न असतो, "सर, मुंबईत राहायचं कुठे? एखादं चांगलं आणि स्वस्त हॉटेल सांगा ना."

मी हॉटेलचं नाव सांगत नाही. लपवायचं काही नाही त्यात. पण ज्याला नागदेवी स्ट्रीटला टूल्स घ्यायचेत त्याला सोयीचं हॉटेल वेगळं, ज्याला गोरेगावला नेस्कोच्या प्रदर्शनाला जायचंय त्याचं वेगळं, आणि ज्याची बीकेसीत मीटिंग आहे त्याचं आणखी वेगळं. तिघांना एकच नाव सांगितलं तर दोघांचा दिवस वाया जाणार. म्हणून आज नाव नाही, हॉटेल निवडायची पद्धत सांगतो. माझं मत थोडं कडक आहे. पटलं नाही तर भांडा, पण आधी पूर्ण वाचा.

आपले भोसरी, चिंचवड, चाकणचे छोटे धंदेवाले हॉटेल शोधताना ॲप उघडतात आणि "किंमत कमी ते जास्त" असं बटण दाबतात. त्याच क्षणी निर्णय चुकीच्या रस्त्याला लागतो. मुंबईसारख्या शहरात खोलीचं भाडं हा हॉटेलच्या खर्चाचा फक्त दिसणारा भाग आहे. न दिसणारा भाग म्हणजे वेळ, रिक्षा-टॅक्सी आणि सकाळीच गेलेली ताकद. तो बिलावर छापलेला नसतो म्हणून आपण धरत नाही.

आधी कॉस्टिंग करू

समजा तुमच्या दुकानाचा महिन्याचा ग्रॉस नफा ९०,००० रुपये आहे. महिन्याला २५ दिवस, रोज १० तास दुकान उघडं. म्हणजे दिवसाचे ३,६०० आणि तासाचे ३६० रुपये. हा तुमच्या एका तासाचा रेट. लिहून ठेवा, बऱ्याच ठिकाणी कामाला येईल.

आता दोन हॉटेलं घ्या. एक १,८०० रुपयांचं, स्टेशनपासून लांब, दोन वेळा रिक्षा आणि मध्ये गाडी बदलायची. दुसरं २,८०० रुपयांचं, स्टेशनपासून चालत सात मिनिटं, एकाच गाडीने कामाच्या जागी. कागदावर पहिलं हॉटेल हजार रुपयांनी स्वस्त. पण जाण्या-येण्यात तीन तास जास्त गेले तर १,०८० रुपये तिथेच गेले. वर रिक्षा-टॅक्सीचे चारशे-पाचशे. सोबत दुकानातला एक मुलगा असेल तर त्याचाही पगार फिरतोच आहे. म्हणजे स्वस्त हॉटेल पाचशे रुपयांनी महाग पडलं.

आणि हे फक्त पैशाचं झालं. प्रदर्शनाला तुम्ही सकाळी साडेदहाला पोहोचता की दुपारी एकला, यावर बरंच अवलंबून असतं. सकाळी स्टॉलवर मालक किंवा निर्णय घेणारा माणूस निवांत भेटतो, बोलतो, रेट देतो. दुपारनंतर गर्दी असते, तुम्हाला कॅटलॉग हातात मिळतं आणि "व्हॉट्सॲप करतो" असं ऐकून तुम्ही परत येता. छोट्या दुकानदाराची वर्षातून अशी एक-दोन वेळाच फेरी होते. ती अर्धी वाया घालवणं परवडत नाही.

मुंबई उभी आहे, आडवी नाही

मुंबईत हॉटेल निवडायचं तर शहराची रचना डोक्यात हवी. मुंबई उत्तर-दक्षिण अशी लांबट आहे आणि तिच्या लोकलच्या लाईनीही तशाच उभ्या आहेत. पश्चिम रेल्वे चर्चगेटपासून दादर, अंधेरी, बोरिवलीमार्गे विरारच्या पुढे जाते. मध्य रेल्वे सीएसएमटीपासून दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, कल्याण. हार्बर सीएसएमटीहून कुर्ला, वाशी, पनवेल. उभं जायला मुंबई सोपी आहे. आडवं जायला, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला, अवघड आहे.

आपण पुण्याकडचे लोक किलोमीटर मोजतो. "अरे, हॉटेलपासून फक्त सहा किलोमीटर आहे!" पण ते सहा किलोमीटर घाटकोपरहून गोरेगावकडे आडवे असतील तर सकाळी रस्त्याने किती वेळ लागेल हे कोणीच सांगू शकत नाही. आणि पंधरा किलोमीटर एकाच लाईनवर उभे असतील तर घड्याळ लावून जाता येतं. म्हणून किलोमीटर सोडून द्या. "माझं काम कुठल्या लाईनवर आहे?" हा पहिला प्रश्न.

उद्या सकाळचं काम बघून हॉटेल घ्या

दुसरा प्रश्न, "हॉटेल कुठल्या कामासाठी?" बहुतेक जण आज जिथे काम संपलं तिथेच हॉटेल बघतात. दिवसभर क्रॉफर्ड मार्केट, लोहार चाळ, नागदेवी फिरले, पाय दुखायला लागले, तिथेच जवळ खोली घेतली. थकलेल्या माणसाचं बरोबर आहे. पण आजचं काम तर संपलं! हॉटेल हे उद्या सकाळच्या पहिल्या कामासाठी असतं.

माझा नियम साधा आहे. उद्याच्या पहिल्या कामाच्या जागी हॉटेलवरून एकाच गाडीने पोहोचता आलं पाहिजे. मध्ये गाडी बदलायची नाही. हॉटेल ते स्टेशन चालत दहा मिनिटांच्या आत, सॅम्पलची बॅग असेल तर पाच.

आता इथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे गर्दीची दिशा. सकाळी मुंबईची मोठी गर्दी उपनगरातून दक्षिणेकडे वाहते आणि संध्याकाळी उलटी. तुम्ही अंधेरीला राहिलात आणि सकाळी नऊला काळबादेवीला निघालात, तर त्या सगळ्या गर्दीत तुम्ही आणि तुमची बॅग. पण ग्रँट रोड किंवा मुंबई सेंट्रलला राहिलात आणि सकाळी गोरेगावला निघालात, तर तुम्ही गर्दीच्या उलट चाललात. आता ऑफिसं अंधेरीकडेही आहेत, त्यामुळे डबा रिकामा मिळेल असं मी म्हणणार नाही. पण चढायला मिळेल, बॅग ठेवायला मिळेल, आणि शर्टाची इस्त्री टिकेल.

म्हणून पहिल्या दिवशी दक्षिणेतलं मार्केट आणि दुसऱ्या दिवशी गोरेगावचं प्रदर्शन असा प्लॅन असेल, तर मी पश्चिम रेल्वेच्या दक्षिण भागात राहायला सांगतो. सकाळी उलट दिशेने वर जायचं, प्रदर्शन बघायचं आणि बोरिवलीकडून पुण्याला येणाऱ्या बसने वाकडला उतरायचं. परत खाली यायचंच नाही. एका फेरीत एकच दिशा. टेम्पोवाला डिलिव्हरीचा रूट लावतो तसंच हे.

ॲपवरचं "१.२ किमी" आणि रेल्वेचे रूळ

ॲपवर दिसणारं अंतर बऱ्याचदा पक्षी उडतो तसं सरळ रेषेत मोजलेलं असतं. मध्ये रेल्वेचे रूळ आहेत, नाला आहे, हायवे आहे, हे त्यात येत नाही. मुंबईत प्रत्येक स्टेशनला पूर्व आणि पश्चिम आहे आणि ती जवळजवळ दोन वेगळी गावं आहेत. नेस्को गोरेगाव पूर्वेला हायवेला लागून आहे. जवळची स्टेशनं दोन, गोरेगाव आणि २०१६ साली सुरू झालेलं राम मंदिर. तुमचं हॉटेल गोरेगाव पश्चिमेला आतमध्ये असेल तर "गोरेगावलाच राहिलोय" असं म्हणून उपयोग नाही. आधी रिक्षाने स्टेशन, मग पूल, मग परत रिक्षा.

पावसाळ्यात तर हे आणखी महत्त्वाचं. अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता, सायन ही पाणी भरण्याची नावं आपण दर वर्षी बातम्यांत ऐकतो. सबवे बंद झाला की पूर्व-पश्चिम जाणं अडतं. जून ते सप्टेंबर काम ज्या बाजूला, हॉटेल त्याच बाजूला. यात तडजोड करू नका.

नावावर विश्वास ठेवू नका, हे तर आपल्याला घरूनच माहीत असायला पाहिजे. आपल्या पुणे मेट्रोचं नाशिक फाट्यावरचं स्टेशन सुरुवातीला "भोसरी" नावाने सुरू झालं. बाहेरचा माणूस भोसरी एमआयडीसीत जायला तिथे उतरला की पुढे रिक्षा शोधत बसायचा. मुंबईतही हॉटेलच्या नावात "अंधेरी", "दादर", "एअरपोर्ट" लावलेलं असतं. पत्ता वाचा. नाव जाहिरातीसाठी असतं.

बजेट बसत नसेल तर

"सर, स्टेशनजवळची हॉटेलं महाग असतात." बरोबर. प्रदर्शनाच्या दिवसांत तर आणखी महाग. मग काय करायचं? लाईन सोडू नका, स्टेशन सोडा. गोरेगावला परवडत नसेल तर मालाड, कांदिवली, बोरिवली बघा. त्याच लाईनवर दोन-तीन स्टेशनं पुढे-मागे गेलात तर दहा-पंधरा मिनिटं वाढतात. लाईन सोडून आडवं गेलात तर तास वाढतो. बोरिवलीहून सकाळी गोरेगावला येताना गर्दी लागेल, पण प्रवास छोटा आहे.

आणि ज्यांचं काम विखुरलेलं आहे, आज मस्जिद बंदर, उद्या ठाणे, परवा अंधेरी, त्यांना मी दादर सांगतो. पश्चिम आणि मध्य या दोन्ही लाईनी तिथे मिळतात, फास्ट गाड्या थांबतात, पुण्याच्या बस दादर पूर्वेहून सुटतात. दादरची गर्दी आहेच, नाकारत नाही. पण तीन दिशांना काम असेल तर गर्दी सोसून वेळ वाचतो.

मेट्रो ३ ने जुने सल्ले बदलले

पाच वर्षांपूर्वी तुमच्या काकांनी दिलेला सल्ला आज चालेलच असं नाही. बीकेसीचंच बघा. आधी तिथे जायचं म्हणजे वांद्रे किंवा कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाच्या लाईनीत उभं राहायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी टप्पा सुरू झाला, मे २०२५ मध्ये ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं. यात काळबादेवी आहे, सीएसएमटी आहे, दादर आहे, बीकेसी आहे, विमानतळाची दोन्ही टर्मिनल आहेत, आणि मरोळ नाक्याला ती घाटकोपर-वर्सोवा मेट्रोला मिळते.

याचा अर्थ काय? काळबादेवीत खरेदी आणि बीकेसीत मीटिंग असेल तर आता या एका लाईनवर कुठेही राहा, दोन्ही कामं एका गाडीत होतात. मरोळ नाक्याजवळ राहिलात तर आडवी मेट्रोही हाताशी. म्हणून बुकिंग करताना जुनी आठवण वापरू नका, आजचा मेट्रोचा नकाशा उघडा. फक्त शेवटची गाडी किती वाजता हे बघून ठेवा. लोकलइतकी उशिरापर्यंत मेट्रो चालत नाही.

"डोंबिवलीला मावशी आहे की!"

हा प्रत्येक बॅचमध्ये येणारा मुद्दा. मावशीकडे जा, जरूर जा, पण जेवायला जा आणि वेळ काढून जा. धंद्याच्या फेरीत मावशीचं घर हे हॉटेल समजू नका. सकाळी डोंबिवलीहून सीएसएमटीकडे जाणारी लोकल म्हणजे काय असतं हे मावशीच्या मुलाला विचारा, तो रोज लटकतो. रात्री मावशी जेवणासाठी थांबणार, तुम्हाला नवाला पोहोचणं भाग, म्हणजे शेवटचा सप्लायर सोडून निघायचं. पाहुणचार फुकट नसतो, फक्त त्याचं बिल येत नाही.

दुसरा मुद्दा गाडीचा. "आम्ही गाडी घेऊनच जातो, वाशीला स्वस्तात राहतो, पार्किंग मिळतं." काम नवी मुंबईत असेल तर उत्तम. पण लोहार चाळीत गाडी लावणार कुठे? मग गाडी वाशीला ठेवून हार्बरने जायचं, म्हणजे शेवटी लोकलच. त्यापेक्षा चिंचवडहून सकाळची सिंहगड पकडा. ती दादरला आणि सीएसएमटीला सोडते, दुकानं उघडायच्या वेळी तुम्ही मार्केटजवळ. फक्त एका मार्केटचं काम असेल तर हॉटेलच नको, त्याच दिवशी परत या.

एक अपवाद मात्र सांगतो. प्रदर्शनात तुमचा स्वतःचा स्टॉल असेल, माल टेम्पोने गेला असेल, दोन मुलं सोबत असतील, तर लाईन-बिईन विसरा. हॉलपासून चालत जाता येईल असं हॉटेल घ्या, महाग असलं तरी. तो खर्च प्रवासात नको, स्टॉलच्या खर्चात धरा.

बुकिंगच्या आधी एवढं करा

नकाशावर हॉटेल ते काम असा रस्ता टाका, पण रविवारी रात्री घरी बसून "आत्ता निघालो तर" असं बघू नका. कामाच्या वाराची सकाळी साडेनऊची वेळ टाका आणि गाडीऐवजी ट्रेनचा पर्याय निवडा. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक कुठल्या लाईनवर आहे ते आदल्या दिवशी बघा.

मग हॉटेलला फोन करा. ॲपवर बुक करणार असाल तरी फोन कराच. विचारा: स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला? कुठल्या पुलाने उतरायचं? सामान घेऊन चालत किती मिनिटं? सकाळी आठला पोहोचलो तर बॅग ठेवून घ्याल का? चेक-आऊट बाराला की २४ तासांनी? काउंटरवरचा माणूस पुलाचं नाव पटकन सांगतो की "रिक्षावाल्याला विचारा, तो आणेल" म्हणतो, यावरूनच हॉटेल स्टेशनपासून किती लांब आहे ते कळतं.

एकट्या जाणाऱ्या ताईंसाठी, बचत गटाच्या खरेदीला किंवा बुटीकच्या कापडाला जात असाल तर, आणखी एक. स्टेशन ते हॉटेल हा रस्ता रात्री नऊला कसा असतो हे बघा. दुकानं उघडी असलेला दहा मिनिटांचा रस्ता हा गोडाऊनच्या गल्लीतल्या चार मिनिटांपेक्षा चांगला. यासाठी पाचशे रुपये जास्त गेले तर जाऊ द्या. हा खर्च वाचवायचा नसतो.

बिलावर फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर टाकून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने बिल लावलं असेल तर तिथेच विचारा.

हीच पद्धत परदेशातही

आपल्या भागातले बरेच जण आता ग्वांगझूला कँटन फेअरला जातात. १९५७ पासून भरणारा हा मेळा वसंतात आणि शरदात असा वर्षातून दोनदा, तीन टप्प्यांत भरतो. जागा पाझोऊ, आणि तिथे मेट्रोची ८ नंबरची लाईन जाते. आपले लोक आधी भारतीय जेवण कुठे मिळतं ते बघून हॉटेल घेतात आणि रोज सकाळी टॅक्सीत अडकतात. उलटं करा. ८ नंबरच्या लाईनवर किंवा एका बदलावर हॉटेल घ्या, जेवायला रात्री मेट्रोने जा. मेळ्याच्या काळात भाडी वाढतात, तेव्हा इथेही तेच, लाईन न सोडता चार स्टेशनं लांब जा. आणि हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत छापलेलं कार्ड खिशात ठेवा. आपला नेहमीचा गूगल मॅप तिथे भरवशाचा नाही.

आता उलटं बघा, आपल्याकडे पाहुणा येतो तेव्हा

हे सगळं मुंबईला लागू आहे कारण तिथे लाईन आहे. चाकणला काय आहे? महिंद्रा, फोक्सवॅगन, बजाज, मर्सिडीज यांचे कारखाने ज्या पट्ट्यात आहेत तिथे रेल्वे स्टेशन नाही, मेट्रो नाही. पुणे मेट्रो पिंपरीत महापालिकेपाशी संपते, निगडीपर्यंतच्या वाढीव मार्गाचं काम सुरू आहे. नाशिक हायवेवर चाकणला मोठी रांग आहे, ती आपल्याला रोजची आहे.

तुमचा चेन्नईचा कस्टमर व्हेंडर ऑडिटला येतो, त्याची ट्रॅव्हल एजन्सी त्याला विमानतळाजवळ किंवा कोरेगाव पार्कला ठेवते, आणि तो दहाच्या ऑडिटला साडेअकराला चिडून पोहोचतो. त्याला हॉटेल निवडायचं कसं कळणार? तुम्ही सांगायला हवं. इथे लाईन नाही म्हणून चौक मोजा. आळंदी फाटा, तळेगाव चौक, आंबेठाण चौक, यातले किती चौक शिफ्टच्या वेळी ओलांडावे लागतात ते बघा आणि त्याला अलीकडचं, त्याच बाजूचं हॉटेल सुचवा. ईमेलमध्ये दोन ओळी लिहायच्या: हॉटेल या भागात घ्या, सकाळी इतक्या वाजता निघा. एवढ्याने तुमचं ऑडिट शांत डोक्याच्या माणसाकडून होतं.

आणि हेही स्पष्ट बोलतो. मुंबईचा छोटा व्यापारी मुंबईभर स्वस्तात फिरू शकतो, कारण त्याच्यासाठी लोकल आहे. चाकणच्या छोट्या व्हेंडरला ती सोय नाही. त्याचा कस्टमर, त्याचा कामगार, तो स्वतः, सगळे एकाच रस्त्यावर कंटेनरच्या मागे उभे. मोठी कंपनी बस लावते, गेस्ट हाऊस बांधते. छोट्याला ते परवडत नाही. म्हणून चाकणच्या रेल्वेची किंवा मेट्रोची मागणी ही "प्रवाशांची" मागणी समजून आपण गप्प बसायला नको. ती धंद्याची मागणी आहे. असोसिएशनच्या मीटिंगमध्ये वीज आणि पाण्यासोबत हा विषयही लावून धरा.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करू. पुढच्या फेरीआधी एका कागदावर तीन ओळी लिहा: उद्या सकाळचं पहिलं काम कुठे, ते कुठल्या लाईनवर, कुठल्या बाजूला. या तीन ओळी भरल्याशिवाय हॉटेलचं ॲप उघडू नका. आणि तुमच्या तासाचा रेट किती निघाला ते मला कळवा. पुढचा व्हिडिओ त्याच आकड्यावर करणार आहे.

भेटू!